मला ठाऊक आहे

योएन्सू, फिनलंड
सोमवार, २ ऑक्टोबर १९७८

प्रिय नेड्रा,

सगळं बदललं तो क्षण मला घड्याळासकट सांगता येईल. गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आउने तोल्वानेन नावाच्या एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी एक शब्द बोललो, आणि त्यानंतर मी पहिला राहिलो नाही.

आधी आम्ही तिथं पोचलो कसे ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे आणि माझ्या फजित्या तुला आवडतात. एल्डर लीविट आणि मी (लीविट म्हणजे माझा जोडीदार, कॅनडाचा, शर्टाला इस्त्री करताना भजनं म्हणतो तो) सकाळपासून आपल्या धर्माचा प्रचार करत तीस घरं हिंडलो होतो. एकतिसावं तिचं. गावाच्या टोकाला लाकडी घर, बाहेर रचलेलं सरपण. तिनं आमच्या काळ्या बिल्ल्यांकडे पाहिलं, 'नको' म्हणाली आणि दार लोटायला लागली. मी घाईघाईनं म्हणालो, "हरकत नाही, उद्या भेटतो."

म्हणजे म्हणायचं ते होतं. यांच्या भाषेत 'तपान' म्हणजे भेटतो. त्यातला एक काना राहिला की होतं 'तपन', आणि तपन म्हणजे ठार मारतो. माझा काना राहिला. लीविटनं डोळे मिटून घेतले.

दार पुन्हा उघडलं. म्हातारी मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "उद्यापर्यंत कशाला थांबतोस बाबा? आत ये, आजच उरकून टाक."

अकरा महिन्यांत इतक्या सहज आम्हाला कुणी आत घेतलं नव्हतं. बूट काढून आम्ही बसलो. तिनं न विचारता कॉफी ओतली. आम्ही नको म्हणालो.

"कॉफी नको? आजारी आहात का?"

"आमच्या धर्मात चालत नाही, बाई," लीविट म्हणाला.

"मग चहा?"

"तोही नाही."

"मग तुमच्याकडची माणसं सकाळी उठतात तरी कशाला?"

मग तिनं बिल्ला वाचला. एल्डर म्हणजे वडीलधारा, हे तिला कळल्यावर तर ती मांडीवर थापा मारून हसली. "वडीलधारे! दाढी तरी रोज करावी लागते का रे तुला?" मी रागानं लाल झालो. तुला ठाऊक आहे मी कसा होतो ते. पण मी बसून राहिलो, नेड्रा. ब्लेनला कॉलेजच्या आवारात ठोसा मारणारा ऑरिन आता नाही, हे तू घरी सांगायला हरकत नाही.

रेडिओच्या पेटीवर एका पोराचा फोटो होता. सैनिकी टोपी, मोठे कान. तिचा रेइनो. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सरहद्दीपलीकडे राहिला. इथं युद्धात पडलेल्या प्रत्येकाला गावाकडे आणून पुरलंय. ज्यांना आणता आलं नाही त्यांची नुसती नावं दगडावर आहेत. रेइनो एकोणीस वर्षांचा होता. मी घर सोडलं तेवढा.

लीविटनं मग आपला तो धडा सुरू केला, कुटुंबं मरणानंतरही तुटत नाहीत तो. ती ऐकत होती. मधेच तिनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "ए खुन्या, तू सांग. हा पाठ केलेलं म्हणतोय. माझा रेइनो मला भेटेल, असं तुला वाटतं, की तुला ठाऊक आहे?"

आता तूच सांग, आपल्यातला माणूस याला काय उत्तर देणार? आपल्या चर्चच्या सभेत कधी कुणी 'मला वाटतं' म्हणालेलं ऐकलंयस? तीन वर्षांचं पोरही आई कानात सांगते तसं ध्वनिक्षेपकावर म्हणतं, मला ठाऊक आहे. दुसरं वाक्य आपल्याला येतच नाही.

"तिएदॅन," मी म्हणालो. ठाऊक आहे.

आवाज जराही हलला नाही. म्हातारीनं आमची न प्यालेली कॉफी स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "गुरुवारी या."

ते म्हणताना मला काय दिसत होतं सांगू? ग्रंथालयाच्या पायऱ्या. आणि तू, हिरव्या कोटात, म्हणतेयस, "मी लग्न करीन तर आपल्या मंदिरात, आणि धर्मप्रचाराचं मिशन करून आलेल्याशीच. दोन वर्षं जाऊन ये. मी आहे." तिसरं सत्र अर्धवट टाकून मी निघालो तो त्या दोन शब्दांवर.

अजून तेरा महिने.

तुझा,
ऑरिन


योएन्सू
सोमवार, ६ नोव्हेंबर १९७८

प्रिय नेड्रा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं होतं. साखर कारखान्यात कामाची गर्दी असेल, समजू शकतो. माझं नावसुद्धा टाइप केलंस तेवढं मात्र केलं नसतंस तरी चाललं असतं.

ब्लेन तुला बर्फातून गाडीनं घरी सोडतो हे वाचलं. चांगलं आहे. रस्ते निसरडे असतात. मला काहीही वाटलेलं नाही. पेरूहून मिशन करून आलेला माणूस, वागणं सभ्यच असणार. लीविटनं विचारलं, बूट भिंतीवर कसा आदळला, तर मी सांगितलं, हातातून निसटला.

इथलं सांगतो. साडेसहाला उठणं, ओटची लापशी, दोन तास वाचन, मग बाहेर. तळी गोठायला लागली आहेत. सायकल सोडून आता पायी फिरतो. लीविटच्या नजरेबाहेर मी जायचं नाही, माझ्या नजरेबाहेर त्यानं. आंघोळ सोडली तर बारा महिन्यांत मी कधी एकटा नव्हतो, आणि तरी त्याचं पाळण्यातलं नाव मला गेल्या आठवड्यात कळलं, त्याच्या आईच्या पाकिटावरून. गार्थ. एकमेकांना आम्ही आडनावानंच हाका मारतो. एवढा भला माणूस मी पाहिलेला नाही. बावीस महिने झाले, एकाचाही बाप्तिस्मा त्याच्या हातून झालेला नाही, आणि तो रोज सकाळी असा निघतो की जणू पलीकडच्या गल्लीत माणसं रांग लावून उभी आहेत.

नाताळानंतर दोन दिवसांनी तो घरी जाणार. आणि आता त्याला आशा आहे. आउनेमावशी.

हो, मावशी म्हणायचं असं तिनंच ठरवून दिलंय. "बाई काय बाई! पाद्रीणबाई आहे का मी?" आठवड्यातून दोनदा जातो. आम्ही धडे देतो, ती राईच्या पिठाच्या, भाताच्या सारणाच्या पोळ्या वाढते, वर उकडलेलं अंडं कुस्करलेलं लोणी. लीविट तिचं सरपण फोडतो. पुस्तकं वाचते, खुणा करते, भांडते. "तुमचा देव कॉफीवर इतका का रागावलाय? त्याला फिनलंडचा हिवाळा माहीत नाही वाटतं."

आणि गेल्या गुरुवारी गेलो तर चुलीवर काहीतरी करपल्यासारखा वास. बार्ली भाजत होती. युद्धात कॉफी मिळत नव्हती तेव्हा हेच उकळून प्यायचे म्हणे. किटली कपाटात बंद करून किल्ली लीविटच्या हातात दिली. "ही ने. माझ्या घरात राहिली तर रात्री मला हाका मारते." लीविट बाहेर आल्यावर रस्त्यातच प्रार्थनेला गुडघ्यावर बसला. बर्फात, चांगल्या पँटीनिशी.

मी उभाच होतो. मी किल्लीकडे बघितलं नाही.

निघताना ती दरवेळी मला अडवते, त्याला नाही. "खुन्या, अजून ठाऊक आहे ना?" मी म्हणतो, ठाऊक आहे. मग ती कोट देते.

हातानं लिही. दोन ओळी का होईना.

तुझाच,
ऑरिन


योएन्सू
सोमवार, ४ डिसेंबर १९७८

नेड्रा,

चार आठवडे पत्र नाही. टपाल दहा दिवसांत येतं, लीविटच्या आईचं येतं, तुझ्या एकटीचं कुठं अडतं ते कळत नाही. आजारी असलीस तर कुणाकडून तरी कळव. आजारी नसलीस तरी कळव.

मी तुला काहीतरी विचारणार आहे आणि तू ते वडिलांना दाखवायचं नाहीस. तू सभेत उभी राहून 'मला ठाऊक आहे' म्हणतेस, तेव्हा तुला खरंच ठाऊक असतं? म्हणजे, हात भाजला की ठाऊक होतं तसं? मी लीविटला विचारलं. तो इस्त्री करत होता. म्हणाला, "हो." एवढंच. असं म्हणाला की जसं कुणी विचारावं, तुझं गाव अल्बर्टात आहे का, आणि त्यानं हो म्हणावं. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी त्याच्याशी भांडण काढलं. इस्त्रीच्या फळीवरून. तो शेवटी म्हणाला, "स्टॉडर्ड, तू भुकेला आहेस," आणि मला अंडी करून दिली.

आउनेमावशीचा बाप्तिस्मा ठरला. शनिवार, १६ डिसेंबर. त्यासाठी तिला आधी स्वतःच्या चर्चमधून नाव काढावं लागलं. गेल्या सोमवारी पाद्र्याच्या कचेरीत गेली, ढकलत न्यायची घसरगाडी घेऊन, एकटीच. ज्या चर्चमध्ये तिचं लग्न लागलं ते तर युद्धात सरहद्द सरकून पलीकडे गेलं, पण इथल्या चर्चच्या दगडावर रेइनोचं नाव आहे. तिथून सही करून आली.

तिची धाकटी बहीण आहे, हिल्या. घर-गाव सोडून पळाल्या तेव्हा दोघी एका गाईचं दावं धरून शंभर मैल चालल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी हिल्या इथं जेवायला येते. चौतीस वर्षं. या रविवारी आली, कोटसुद्धा काढला नाही. आम्ही होतो तिथंच. आम्हाला काही बोलली नाही, जणू आम्ही खुर्च्या आहोत. बहिणीला म्हणाली, "बाबांच्या, आईच्या, सगळ्यांच्या रांगेतून उठून चाललीस तू. कुणासाठी? या दोन पोरट्यांसाठी?"

"रेइनोसाठी," मावशी म्हणाली.

"रेइनोला आपण सगळ्यांनीच गमावलंय, आउने."

"तू मावशी होतीस त्याची. मी आई आहे."

हिल्यानं हातमोजे चढवले. मग म्हणाली, "बरं. मग वर आल्यावर मला शोधत बसू नकोस," आणि गेली. मावशीनं तिची थाळी उचलली, पुसली, जागेवर ठेवली. थाळी स्वच्छच होती.

मग लीविटनं तिच्याबरोबर प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर तिनं डोळे उघडले ते माझ्याकडे. या वेळी तिनं विचारलंच नाही. नुसती बघत होती. मी आपणहून म्हणालो, "ठाऊक आहे, मावशी."

मला सांगायचं ते सांगता येत नाहीये. हे पत्र टाकीन की नाही तेही नक्की नाही. तू नुसतं लिही, मी आहे. एवढे दोन शब्द लिही. बाकी सगळं मी निभावतो.

ऑरिन


योएन्सू
शुक्रवार, १५ डिसेंबर १९७८

नेड्रा,

तुझं पत्र काल सकाळी नऊ वाजता आलं. हातानं लिहिलेलं. एवढ्यापुरता टाइपरायटर बाजूला ठेवलास, आभारी आहे.

उद्याचा बाप्तिस्मा होणार नाही. ते आधीच सांगून टाकतो. लीविटला काल रस्त्यातच सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पण मला ठाऊक आहे रे, स्टॉडर्ड. मला विचारायला सांगायचं होतंस." खरंच की. तिनं विचारायला हवं होतं त्याला, विचारलं मला. आज सकाळी तो मला घेऊन तिच्या दाराशी गेला. आत उजेड होता. तिनं उघडलं नाही. बिचारा किल्ली पायरीवर ठेवून आला. मला इथं ठेवतात की परत पाठवतात ते नाताळाच्या आत कळेल.

मी हे पत्र तुला दोष द्यायला म्हणून लिहायला घेतलं होतं. तीन पानं लिहिली, फाडली. ब्लेनबद्दल लिहिलेलं वाचून मलाच लाज वाटली. तू पाच जानेवारीला त्याच्याशी लग्न करतेस, कर. तू काही बेइमानी केली नाहीस. तेरा महिने थांबलीस, मग थांबवेना, तसं सांगितलंस. पण तुझं ते शेवटचं वाक्य. 'तू मला समजून घेशील हे मला ठाऊक आहे.' तुला कसं ठाऊक, नेड्रा? मला ठाऊक नव्हतं, तुला कुठून? ते वाक्य वाचलं आणि डोक्यात काहीतरी फुटलं. पत्र खिशात घातलं. लीविटनं विचारलं, "घरचं? सगळे बरे?" मी म्हणालो, सगळे मजेत.

काल दुपारी आम्ही शेवटच्या धड्याला तिच्याकडे गेलो. पायऱ्यांवर ताजं बर्फ पडलेलं. लीविट म्हणाला, "तू हो पुढे, मी हे काढतो. शनिवारी मावशी इथंच घसरली तर पाण्यात बुडवायचं कुणाला?" फावडं घेऊन तो खिडकीसमोरच होता. मी त्याला दिसत होतो, तो मला. नियम मोडला नाही आम्ही.

मावशी पांढरा झगा घेऊन बसली होती. लग्नातल्या लिननच्या चादरी, गाईबरोबर आणलेल्या, त्यातली एक कापून शिवला होता.

"ये खुन्या. बघ, लांबी बरी आहे ना? पाण्यात फुगून वर येईल म्हणून तुझ्या त्या लीविटनं काठाला वजनं शिवायला सांगितलीत. पडद्याला शिवतात तशी. म्हातारी आहे का पडदा, म्हटलं."

मी म्हणालो, "मावशी, मला ठाऊक नाही."

"लांबी?"

"रेइनोचं."

तिची सुई थांबली नाही. एक टाका घातला, दुसरा घातला. मग तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"नीट बोल," ती म्हणाली. "तुझी भाषा अजून कच्ची आहे."

मी नीट बोललो. एकही काना चुकला नाही. तो तुम्हाला भेटेल की नाही मला ठाऊक नाही. पहिल्या दिवशीही नव्हतं. मला आयुष्यात एकच गोष्ट ठाऊक होती, घरी एक मुलगी माझी वाट बघतेय. तीच मनात धरून मी बोलत होतो, म्हणून आवाज हलत नव्हता. आज सकाळी तिचं पत्र आलं.

"किती थांबणार होती ती?"

"दोन वर्षं."

"दोन," ती म्हणाली.

बाहेरून लीविटनं काचेवर टकटक केलं, फावडं उंच करून दाखवलं, हसला. मावशीनंही हात हलवला. सवयीनं.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हतं म्हणतोस. मग मी कॉफी सोडली तेव्हा का नाही बोललास? हिल्या त्या दारात उभी होती तेव्हा?"

मी खिडकीबाहेर लीविटकडे बघितलं.

"आजच का?"

नेड्रा, इथं मला खोटं बोलता आलं असतं. उद्या-परवा फार उशीर झाला असता, तुम्हाला फसवायचं नव्हतं, असं काहीतरी. चांगलं वाटलं असतं. चार तास मी स्वतःला तेच सांगत होतो. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"पत्र आज आलं म्हणून," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"नाही."

हेच तुला सांगायचं होतं. मी खरं बोललो म्हणून कुणी माझं कौतुक करू नये. मला कुणाचं तरी काहीतरी फोडायचं होतं. तू हाताशी नव्हतीस, ती होती.

ती फोटोकडे वळली. मग म्हणाली, आवाज न चढवता, जसं कुणी लाकडं किती उरलीत ते विचारावं, "मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. आणखी किती दिवस पुरायला हवं होतं रे तुझं ते 'ठाऊक आहे' मला?"

मी माफी मागितली. तो शब्द या भाषेत फार लांब आहे, मधेच माझा श्वास तुटला.

"नाव काय तुझं? आईनं ठेवलेलं."

"ऑरिन."

"ऑरिन," ती म्हणाली, आणि मला वाटलं आता ती आणखी काही बोलेल, रागावेल, निदान रडेल. तिनं झगा पुन्हा मांडीवर ओढला. "जा आता. दार नीट ओढून घे. ऊब जाते."

बूट चढवायला मला फार वेळ लागला. नाड्या बोटांत येईनात. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि काठाची शिवण उसवून एकेक वजन काढून टेबलावर ठेवत होती. टक. मग जरा वेळानं, टक. मी सहा मोजली. मग कोट घेतला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.